वाट पाहणाऱ्या इमारती

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस, नवघर-माणिकपूर परिसरात, ऐंशी-नव्वदच्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींकडे सध्या दोनच नजरांनी पाहिले जाते. एक नजर म्हणते, 'पडायला आली आहे, तिकडे फिरकू नका.' दुसरी म्हणते, 'पडायला आली आहे, लवकर घेऊन टाका.' आमचा आक्षेप दोन्हींवर आहे. दुसरीवर अधिक, कारण ती शहाणपणाचा वेश घेऊन आमच्या कुटुंबांत शिरली आहे.

वाडीतले घर चार भावांत वाटले गेले की धाकट्याच्या वाट्याला एक खोली आणि एक तक्रार येते. त्याने संसार मांडायचा कोठे? नव्या मनोऱ्यातील सदनिका त्याच्या पगाराला झेपत नाही, आणि झेपली तरी पोहण्याचा तलाव व व्यायामशाळा यांचा मासिक खर्च सोसवत नाही. अशा तरुणाने चर्चपासून आणि स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर जुनी, उद्‌वाहक नसलेली, परंतु ऐसपैस खोल्यांची सदनिका घेतली, तर त्यात वावगे काय आहे? आम्ही तर म्हणू, त्याने ती अवश्य घ्यावी. प्रश्न तो ती कशासाठी घेतो, हा आहे.

वयाचा बाऊ करणाऱ्यांना आधी उत्तर देऊ. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला जी इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले, ती काही आजोबांच्या काळातली नव्हती. तिचे वय दोन दशकांच्या आतले होते. ती अनधिकृत होती. त्याआधी काही महिने, २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी, नालासोपारा पूर्वेला ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जमीनदोस्त करण्यात आल्या. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर त्या बांधल्या होत्या, आणि सुमारे अडीच हजार कुटुंबांनी तेथे कष्टाचे पैसे ओतले होते. त्या कुटुंबांना जुनेपणाने नव्हे, कागदांनी दगा दिला. मंजूर नकाशा, बिनशेती परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि पहिल्या खरेदीपासूनचे सर्व नोंदणीकृत करारनामे ज्या इमारतीचे नीट आहेत आणि जिची निगा राखली गेली आहे, ती पस्तीस वर्षांची असली तरी परवडली.

निगा! येथेच आमच्या दुखण्याचे मूळ आहे. घरांना आशीर्वाद देण्यासाठी जिने चढताना आम्ही पाहतो : जिन्याच्या छताचा गिलावा गळून सळ्या उघड्या पडलेल्या, गच्चीतून झिरपलेल्या पाण्याने भिंतींवर नकाशे उमटलेले, सांडपाण्याच्या नळाच्या सांध्यातून पिंपळ उगवलेला. आत मात्र इटालियन फरशी आणि भिंतभर दूरचित्रवाणी संच. बाहेरच्या दुरवस्थेविषयी विचारावे, तर उत्तर ठरलेले : 'फादर, दोन-तीन वर्षांत टॉवर होणारच आहे. तोडायच्या इमारतीवर खर्च कशाला?' हे उत्तर आम्ही काही ठिकाणी दहा वर्षांपासून ऐकत आहोत. दहा पावसाळे त्या सळ्यांनी पाणी प्यायले. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. तिला बिल्डरच्या तारखांशी काही देणेघेणे नसते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या निदान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात जमा व्हावयास हवी. म्हणजे ज्या सदनिकेचा बांधकाम खर्च त्या काळी एक लाख रुपये धरला गेला, तिच्या मालकाने दोन्ही निधींपोटी द्यावयाचे ते वर्षाला एक हजार, महिन्याला ८३ रुपये. एवढ्या रकमेत आज गवंड्याची एक दिवसाची मजुरीही निघत नाही. ही रक्कम किमान आहे. सर्वसाधारण सभेला ती वाढविता येते. परंतु वाढीचा ठराव आला की सभेत जो गदारोळ उठतो, तो आम्ही दुरूनच ऐकलेला बरा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हावे, हेही उपविधींतच लिहिले आहे. कित्येक ठिकाणी ते टाळतात, कारण अहवाल वाईट आला तर भाव पडेल, आणि चांगला आला तर पुनर्विकास लांबेल!

आणि ज्या मनोऱ्यासाठी हे सारे चालले आहे, तो उभा राहतो कधी? २०१९ च्या शासन निर्णयापासून पुनर्विकासाला एकावन्न टक्के सभासदांची संमती पुरते, हे दलाल तोंडपाठ सांगतो. इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे झाली आहे काय, हे तो सांगत नाही. १९६३ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे संस्था स्थापन झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने अभिहस्तांतरण करून द्यावयाचे असते. अनेकांनी ते केलेच नाही. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट खुली झाली, पण त्या वाटेने जाण्याचे कष्ट किती संस्थांनी घेतले? सातबारा काढून पाहावा. आमच्या भागात त्यावर पुष्कळदा मूळ जमीनमालकाचे नाव आढळते आणि ते नाव आपल्याच एखाद्या आजोबांचे असते. वाडी विकून पैसे घेतले त्याला तीन दशके उलटली, आणि आता वारस सहीसाठी पुन्हा हात पसरतात. हेच वारस रविवारी मिस्साला पुढच्या बाकावर बसतात, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. वाटलाच तर त्यांना वाटावा.

वस्ती बदलली, ही आणखी एक ओरड. 'त्या इमारतीत आता आपले कोण उरले?' असे विचारणारेच पुष्कळदा अधिक भाव देणाऱ्याला घर विकून गेलेले असतात. मुंबईत मासळी-मटणाच्या वासावरून आमच्या मुलांना घरे नाकारली जातात, तेव्हा आम्ही संतापतो, आणि तो संताप योग्यच आहे. मग आमच्याच संस्थेत नव्या खरेदीदाराचे आडनाव ऐकून कपाळाला आठी का पडावी? पुरेशा कारणाविना सभासदत्व नाकारता येत नाही, असे सहकार कायद्याचे तेविसावे कलम सांगते. अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते राखणारा उपविधी वैध ठरविला, हे आम्ही जाणतो. परंतु तसा नोंदलेला उपविधी आपल्या इमारतींना आहे कोठे? येथे आहे ती केवळ कुजबूज. आणि गच्ची गळू लागली की गळतीला आडनाव कळत नाही.

जुन्या करारात नहेम्याच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय बहुतेक वाचक नावांची कंटाळवाणी यादी म्हणून ओलांडून जातात. यरुशलेमचा पडलेला तट कोणी कोठून कोठवर बांधला, याचा तो हिशेब आहे. सोनार आहेत, अत्तरे बनविणारे आहेत, एक जण आपल्या मुलींना घेऊन आला आहे, आणि कित्येकांनी फक्त आपल्या दारासमोरचा तुकडा दुरुस्त केला आहे. तकोवाच्या प्रतिष्ठितांनी तेवढे कामाला खांदा लावण्याचे नाकारले. त्यांचीही नोंद आहे. आमच्या संस्थांच्या चिटणीसांनी अशी यादी ठेवली, तर तकोवाचे प्रतिष्ठित किती निघतील?

तेव्हा जुनी सदनिका घेऊ पाहणाऱ्या तरुण दांपत्यास आमचे सांगणे असे की, टोकनची रक्कम देण्यापूर्वी दलालाकडचा मनोऱ्याचा रंगीत नकाशा बाजूला ठेवावा आणि विकणाऱ्याकडून संस्थेच्या इतिवृत्ताचे पुस्तक मागवावे. सभासद म्हणून ते पाहण्याचा हक्क त्याला कायद्यानेच आहे. मागल्या पाच वर्षांचे ठराव वाचावेत. किती सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्या, गच्चीच्या गळतीचा विषय कितव्यांदा पुढे ढकलला गेला, थकबाकीदारांत कोणाची नावे आहेत आणि घर विकणाऱ्याचे नाव त्यांत आहे काय, हे पाहावे. मग एखाद्या सायंकाळी, जमल्यास जुलै महिन्यात, छत्री घेऊन गच्चीवर जावे.