उशीर होत असेल ना?



हा अंक छपाईला जाण्याआधीच्या रविवारी मी एका क्लबाच्या बुद्धिबळ स्पर्धेत खेळले. पन्नाशीनंतर शिकलेला खेळ, तयारी बेताचीच. समोर माझ्यासारखेच एक हौशी गृहस्थ. प्रत्येकी ६० मिनिटे, बाजूला घड्याळ. त्या घड्याळाचे मला फार अप्रूप वाटते. समोरच्या पुरुषाइतकाच वेळ बाईला मोजून देणारी दुसरी वस्तू निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

डाव रडतखडत चालला. त्यांनी उंट फुकट घालवला, मी लगेच घोडा घालवून परतफेड केली. अखेर पटावर उरले दोन राजे आणि मधल्या पट्टीत माझे एक प्यादे. माझा राजा सहाव्या ओळीत, प्यादे लगेच त्याच्या मागे. अशा वेळी चाल कुणाचीही असो, नीट खेळले तर त्या प्याद्याचा वजीर होतोच. मला ते ठाऊक होते. तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, "ताई, बरोबरी करू या. तुम्हाला घरी उशीर होत असेल ना?"

आधीही ते दोनदा असेच म्हणाले होते. अशी सारखी बरोबरी मागून त्रास देणे नियमात बसत नाही. पंचांना बोलावता आले असते. पण मी घड्याळ पाहिले ते भिंतीवरचे. साडेसात. सासूबाईंची गोळी, कुकर. मी हात पुढे केला.

घरी पोचले तर सगळ्यांची जेवणे झालेली.

१९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढे काहूर उठले होते! प्रकरण उच्च न्यायालयात गेले. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना सांगावे लागले की स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. माझी वाट तर कुणीच अडवली नव्हती.

'उत्कृष्ट महिला खेळाडू' म्हणून मला स्टीलचा डबा मिळाला. (बायका आम्ही चौघीच!) वेगळी बक्षिसे नकोत, असे आपल्यातल्या काहीजणींचे मत आहे. मला पटत नाही. चौघीच येतात तोवर ती असू द्यावीत. पण डबाच का?

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण पेढे वाटले. आता जरा गावातल्या क्लबांकडे पाहू या. फेऱ्या दुपारपर्यंत संपवा, मुलांसाठी एक खोली द्या, असे पत्र मी आमच्या क्लबाला दिले आहे. तुमच्याकडे किती बायका खेळायला येतात, आणि किती वाजता उठून जातात, ते जरूर कळवा.