पावट्यावरील कीड आणि ऋतुमान

बंगळूरच्या आसपास नाचणीच्या शेतात पावट्याच्या ओळी पेरण्याची रीत फार जुनी आहे. कन्नड भाषेत या कडधान्यास ‘अवरे’ म्हणतात. पावसाळ्यात पेरलेले याचे जुने वाण दिवस लहान होऊ लागल्याखेरीज फुलत नाहीत. त्यांच्या शेंगा हिवाळ्यातच भरतात. त्यामुळे शेंगा पोखरणाऱ्या अळ्यांस या पिकावर ठराविक काळच अन्न मिळे, आणि कीड केव्हा येणार हे शेतकऱ्यास महिन्यावरून ताडता येई.

पुढे बंगळूरच्या कृषिविज्ञान विद्यापीठाने दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेले ‘हेब्बाळ अवरे’ हे वाण तयार केले आणि पावटा कोणत्याही ऋतूत घेणे शक्य झाले. हा लाभ मोठा आहे. परंतु पिकाचे बंधन सुटले, तसे किडीचेही सुटले. म्हणूनच केवळ तारीख पाहून औषध फवारण्याची सवय आता सोडून दिली पाहिजे.

कीटकाच्या शरीराची उष्णता बाहेरच्या हवेप्रमाणे बदलते. घाटे अळीची एक पिढी उबदार हवेत सुमारे महिना-सव्वा महिन्यात पुरी होते; थंडीत तीच वाढ रेंगाळते. जोराच्या पावसाने मावा धुऊन जातो, उघडीप मिळताच तो पुन्हा वाढू लागतो. अळ्यांस रोग जडविणारा विषाणू कडक उन्हात निष्प्रभ होतो. तो सायंकाळी फवारणेच हिताचे. सारांश, एकच औषध एका हवेत उपयोगी, तर दुसऱ्या हवेत व्यर्थ ठरते.

आभाळ भरून आले की कीड आलीच, असा समज सर्वत्र आढळतो. ढग अळ्या निर्माण करीत नाहीत. कळ्याफुलांवर पतंगांनी घातलेल्या अंड्यांतून त्या निघतात. पुण्यास १९३२ साली कृषिहवामानशास्त्राची शाखा सुरू झाली, तेव्हापासून हवेचा आणि पिकाचा संबंध आपल्या देशात पद्धतशीर अभ्यासला जात आहे. तथापि हवामानाचा अंदाज पाऊस सांगेल, शेतातील पतंग मोजणार नाही. ते काम शेतावरच व्हावयास हवे.

हे काम अवघड नाही. पर्जन्यमापक, तापमापक आणि पतंगांसाठी गंधसापळा एवढी साधने गावच्या शाळेसही पुरेशी आहेत. रोजची नोंद काही वर्षे नेमाने ठेवली, तर आपल्या शिवारात कीड कोणत्या हवेत वाढते, हे गावालाच कळेल. अशी वही हाताशी असलेला शेतकरी अनावश्यक फवारणीचा खर्च वाचवील आणि परागीकरण करणाऱ्या मधमाश्यांसही अभय देईल.