विषाला औषध म्हणायचे, आणि जपायचे पोटुशीने!

आपल्याकडे कीटकनाशकाला औषध म्हणतात. ‘सकाळीच औषध मारलंय’ असे सांगत त्याच वावरात बायांना टोमॅटोच्या बांधणीला लावले जाते. नारायणगाव-मंचरच्या बागायतीत राबणाऱ्या कितीतरी जणी जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून येतात. त्यांत पोटुशा असतात, अंगावर पाजणाऱ्याही असतात. पंप पुरुषाच्या पाठीवर, म्हणून १९७१ च्या नियमांतले संरक्षक कपडे (कागदावर का होईना) त्याला. टिपाडात पाणी ओतणारी, ओल्या पानांत हात घालणारी बाई कुणाच्या हिशेबात? २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना माणसे मेली, ती निदान मोजली तरी गेली. गर्भातली इजा कोण मोजणार?

गर्भात मेंदू घडताना हॉर्मोन्स त्याला वळण देतात. मुलाच्या व मुलीच्या गर्भात त्यांचे प्रमाण वेगळे, म्हणून बाहेरच्या रसायनाचा घावही दोघांवर सारखाच पडेल असे नाही. क्लोरपायरिफॉस हे मुळात मज्जातंतूंवरचे विष. ते हॉर्मोन्समध्येही ढवळाढवळ करते असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने कृष्णवर्णीय व डॉमिनिकन गरीब आयांच्या मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला. या आयांच्या घरांत झुरळांसाठी हेच मारले जाई. २०१२ मध्ये ४० मुलांच्या मेंदूची छायाचित्रे तपासली. ज्यांना गर्भात विष जास्त पोचले, त्यांच्या मेंदूच्या काही भागांची ठेवण बदललेली होती. मुलगा-मुलगीत एरवी दिसणारे फरक कुठे पुसले, कुठे उलटे झाले होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, हातातल्या कामापुरते लक्षात ठेवण्याची शक्ती मुलग्यांत अधिक घटलेली आढळली.

आता कुणी म्हणेल, ‘बघा, बाईचा मेंदू निसर्गानेच वेगळा!’ झुरळांच्या औषधाने जे बदलते, त्याच्या जिवावर चूल आणि मूल आपल्या गळ्यात बांधू नका. मुलग्यांना धोका म्हटल्यावरच सरकारला जाग येणार असेल, तर तेही आपल्याला ओळखीचे आहे.

त्याहून सोयीचा उपदेश म्हणजे ‘आईने जपावे’. कसे जपावे? हजेरी बुडवून? मूल मंद निघाले की बोल तिलाच लागणार, दुकानदाराला नाही, कंपनीला नाही आणि परवाना देणाऱ्याला तर नाहीच!

कासरगोडच्या लोकांनी वर्षानुवर्षे झगडल्यावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फान थांबवले. २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात क्लोरपायरिफॉस होते. २०२३ च्या अंतिम आदेशात ते बंदीतून सुटले, मोजक्या पिकांपुरता वापर थांबला. मे २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराने ते जगातून हटवायच्या यादीत घातले, तेही सवलती ठेवून.

म्हणून मजुरीची बोलणी करतानाच दोन गोष्टी मागू या. कोणते विष कधी मारले आणि किती दिवस आत पाऊल टाकायचे नाही, हे वावराच्या बांधावर ठळक मराठीत लिहिलेले हवे. आणि तेवढ्या दिवसांची पोटुशीची, अंगावर पाजणारीची हजेरी भरून मिळायला हवी, बागायतदाराकडून.