पांच लाखांच्या पलीकडची ठेव

उस्मानाबादच्या (आतांच्या धाराशिवच्या) वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनें जानेवारी २०२१ मध्यें रद्द केला, तेव्हां शेंकडा ९९ हून अधिक ठेवीदारांस विम्यामुळें पूर्ण रक्कम मिळेल असें जाहीर झालें. वर्षभर आधींच, फेब्रुवारी २०२० मध्यें, विम्याची मर्यादा एका लाखावरून पांच लाखांवर गेली होती, हें ठेवीदारांचें सुदैव. परंतु आम्हांस चिंता वाटते ती उरलेल्यांची. त्यांची संख्या अल्प, रकमा मात्र मोठ्या! ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, एका बँकेच्या सर्व शाखा धरून असते. आणि पतसंस्था ही कायद्याच्या दृष्टीनें एकच ठेवीदार. म्हणजे हजार सभासदांस मिळून पांचच लाख.

युरोपांतील सायप्रस या चिमुकल्या देशांतही २०१३ सालीं एक लाख युरोपर्यंतच्याच ठेवी वांचल्या. बँक ऑफ सायप्रसमधील त्यावरील रकमेचा ४७.५ टक्के भाग समभागांत गेला. तेथें निदान समभाग तरी हातीं आले. आमच्याकडे परवाना गेलेल्या बँकेच्या मोठ्या ठेवीदारानें अवसायकाच्या वसुलीकडे डोळे लावून बसावयाचें.

सबब पतसंस्थांच्या चालकांनीं सभासदांचा पैसा कोणत्या बँकेंत किती ठेवला आहे, हें वार्षिक सभेंत आंकड्यांनिशीं सांगावें; आणि तें ऐकल्यावांचून सभासदांनीं अहवालास हात वर करूं नये.