पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' लिहा

संपादक महोदय,


आपल्या मासिकात अलीकडे 'यशोगाथा' आणि 'विशेष मुलाखत' या सदरांत येणारा बराचसा मजकूर पैसे घेऊन छापलेला दिसतो. कधी एखाद्या रुग्णालयाचे, कधी कोचिंग क्लासचे, कधी बिल्डरचे कौतुक असते. अडचणीचा एकही प्रश्न विचारलेला नसतो, लेखकाचे नाव नसते, शेवटी मात्र पत्ता आणि फोन नंबर असतो. अक्षर आणि मांडणी इतर लेखांसारखीच. माझी मागणी एवढीच आहे की अशा पानावर 'जाहिरात' हा शब्द छापावा आणि पैसे कोणी दिले तेही छापावे.

आम्हा रायपूरच्या मराठी घरांना याची झळ जास्त बसते. मुलाला पुण्याच्या कॉलेजात घालायचे असते, आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन नागपुरात करायचे असते. दरवेळी तिथे जाऊन चौकशी करणे जमत नाही. अशा वेळी 'मासिकात आलंय ना, मग चांगलंच असेल' हे वाक्य घराघरांत बोलले जाते. आपली पुण्याई अशी दुसऱ्याला भाड्याने दिली जाते आणि त्याचा भुर्दंड वाचक भरतो.

आरोग्याच्या पानांबद्दल मला सर्वांत जास्त चिंता वाटते. डॉक्टरांनी रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करू नये, असे वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. मधुमेह, कर्करोग अशा यादीतल्या रोगांवर हमखास औषध असल्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने मना आहे. चौकटीतल्या जाहिरातीत जे छापता येत नाही, ते मुलाखतीच्या रूपाने बिनदिक्कत छापले जाते. ते वाचून एखाद्याने चालू गोळ्या बंद केल्या तर जबाबदार कोण? लेखाला लेखक नाही आणि जाहिरातदार कागदावर कुठेच नाही. उरते ते आपल्या मासिकाचे नाव.

राजकारणात हे आपण पाहिले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्रातल्या परस्परांच्या स्पर्धक दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा स्तुतिपर मजकूर शब्दशः सारखा आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो 'द हिंदू'मध्ये उघड केला. चव्हाणांच्या खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींपुढे ५,३७९ रुपये होते. पैसे दिल्याचा आरोप त्यांनी नाकारला आणि हा हिशेब नियमानुसार नसल्याचा निवडणूक आयोगाचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला. म्हणजे इतकी चौकशी होऊनही तो मजकूर बातमी होता की जाहिरात, हे वाचकाला अखेर कळले नाही. पैसे घेऊन बातम्या छापण्यावर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये सविस्तर अहवाल दिला, तोही कौन्सिलने आधी पूर्ण प्रसिद्ध केला नाही.

कागद, छपाई, टपाल सगळे महागले आहे आणि वर्गणीत अंक निघत नाही, हे आपले उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटे नाही. पण टंचाईतही नाव राखता येते. रायपूरच्या आमच्या बुढापारा भागात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. घरी मराठी बोलणाऱ्या या माणसाने जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर त्यांच्या सोबत होते. त्यातली पुस्तकपरीक्षणे परखड असत. पैशाच्या टंचाईने तीन वर्षांत मासिक बंद पडले, तरी हिंदी समीक्षेच्या इतिहासात त्याचे नाव आजही आदराने घेतात.

पैसा घेणेच वाईट, असे मी म्हणत नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून निघालेले 'किर्लोस्कर खबर' हे किर्लोस्करांच्या कारखान्याचेच पत्र होते. कारखान्याचे नाव मुखपृष्ठावरच होते, त्यामुळे कोण बोलतो आहे हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असे. पुढे शंकरराव किर्लोस्करांनी त्याचेच मराठीतले एक मान्यवर मासिक केले. दिवाळी अंकही जाहिरातींवरच उभे राहतात, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

लपवाछपवीने मार बसतो तो प्रामाणिक जाहिरातदाराला. पाव पान विकत घेऊन स्वतःच्या नावाने साड्यांची जाहिरात देणाऱ्या दुकानदाराचे पानही, एकदा फसलेला वाचक न वाचताच उलटतो. जाहिरातीवरचा विश्वास उडाला की उद्या आपल्याकडे पान घ्यायला येणार कोण? समाजमाध्यमांवर पैसे घेऊन वस्तूची शिफारस करणाऱ्यांनाही २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार तसे स्पष्ट लिहावे लागते. मराठी मासिकाने त्यांच्याहून कमी पाळावे, हे मला पटत नाही.

येत्या दिवाळी अंकापासून प्रत्येक प्रायोजित पानाच्या माथ्यावर, मजकुराच्याच आकाराच्या अक्षरांत 'जाहिरात' आणि देणाऱ्याचे नाव छापावे. अनुक्रमणिकेतही ती पाने वेगळी दाखवावीत. आरोग्यविषयक प्रायोजित मजकूर पूर्ण बंद करावा. त्यासाठी वर्गणी वाढवावी लागली तर खुशाल वाढवा, मी भरेन. आपला निर्णय याच सदरात कळवावा, ही विनंती.

आपली एक वर्गणीदार,
बुढापारा, रायपूर