चांदीचा पेला आणि आपल्या विहिरीचे पाणी

पावसाळा सुरू झाला की सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. अशाच एका सकाळी एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलाचे डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. पाणी कुठले पिता, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "विहिरीचंच. पण याला चांदीच्या पेल्यातूनच देते. चांदीत जंतू राहत नाहीत ना, डॉक्टर?"

उपचारांनी नातू सावरला. आजींचा प्रश्न मात्र अनेक घरांतला आहे. त्यात आता चांदीयुक्त फिल्टर आणि 'अल्कलाइन' पाण्याच्या जाहिरातींची भर पडली आहे.

चांदी जंतू मारते, हे खरेच आहे. भाजलेल्या जखमेवर आम्ही सिल्व्हर सल्फाडायझिन मलम लावतो ते याचसाठी. पण जंतू मारतो तो धातू नव्हे, तर त्याच्या पृष्ठभागावरून सुटणारा चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभारित कण. पाण्यातल्या ऑक्सिजनमुळे हे कण हळूहळू सुटतात. पाणी जितके अल्कधर्मी, म्हणजे सामू जितका जास्त, तितका हा वेग मंदावतो. पेल्यात घटकाभर ठेवलेल्या पाण्यात असे कितीसे कण येणार?

जे येतात, त्यांच्यावरही पाण्यातले क्षार टपलेले असतात. मिठात असतो तो क्लोराइड चांदीच्या आयनाला धरतो आणि जवळजवळ न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड तयार होते. त्याचा थर पृष्ठभागावरही बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने २५० मिलिग्रॅम क्लोराइड असलेल्या पाण्यात चांदीचे मोकळे आयन लिटरमागे जेमतेम तीन मायक्रोग्रॅम टिकू शकतात. क्लोराइड वाढला की तेही घटतात.

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. प्रवरा आणि मुळेच्या कालव्यांखालच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे उसाला भरपूर पाणी दिले गेले, निचरा मात्र झाला नाही. जमिनी क्षारपड झाल्या आणि अनेक विहिरी-बोअरचे पाणी खारवट व जड झाले. म्हणजे जिथे चांदीवर विसंबायचे, तिथलेच पाणी तिला निष्प्रभ करणारे.

क्लोराइडपेक्षाही चांदीला घट्ट धरणारा म्हणजे गंधकाचा सल्फाइड. जोडवी, पैंजण काळे पडतात ते हवेतल्या आणि घामातल्या गंधकयुक्त घटकांमुळे. 'अंगात उष्णता वाढली' किंवा 'आजार येणार' असा अर्थ त्यातून काढू नये.

मग चांदीच्या फिल्टरचे काय? कार्बनच्या फिल्टरवर चांदी असते ती मुख्यतः त्या कार्बनवरच जंतू वाढू नयेत म्हणून. तेवढ्यावरून दूषित पाणी सुरक्षित झाले असे समजू नये. 'चांदीचे पाणी' म्हणून विकले जाणारे द्रावण रोज पिणे तर धोक्याचेच. चांदी शरीरात साचून त्वचा कायमची निळसर-करडी होऊ शकते.

खरा भरवसा दोनच गोष्टींवर ठेवावा: उकळणे आणि क्लोरीन. क्लोरीन आणि क्लोराइड यांची गल्लत करू नका. क्लोराइड हा क्षार आहे, तो जंतू मारत नाही. गढूळ पाणी आधी गाळून, निवळून घ्यावे. उकळायचे तर खदखदून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ठेवावे आणि झाकून गार करावे. क्लोरीनचे द्रावण वापरत असाल तर बाटलीवर लिहिलेले प्रमाण पाळावे आणि निदान अर्धा तास थांबावे. सामू ८ च्या वर गेला की क्लोरीनचाही जोर कमी होतो, म्हणून आपल्याकडच्या अल्कधर्मी पाण्यात हा अर्धा तास चुकवू नये. गावात जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, त्यानंतर नळाच्या पाण्याची ओटी चाचणी झाली का, हे ग्रामपंचायतीत विचारायला संकोच कसला? तो तुमचा हक्क आहे.

उकळल्याने किंवा क्लोरीनने क्षार मात्र जात नाहीत. पाणी खारट लागत असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे.

आणि जुलाब सुरू झालेच, तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस द्यावे, तेही सुरक्षित पाण्यात कालवून. मूल सुस्तावले, पाणी पिईना किंवा लघवी कमी झाली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आजींना मी एवढेच सांगितले, "पेला खुशाल चांदीचा असू द्या. फक्त त्यात ओतायचे पाणी आधी उकळा."