समन्स पोचलेच नाही, तर हुकूमनामा कशाच्या जोरावर?

चेक वटला नाही, वादीने दावा लावला, प्रतिवादी हजर झाला नाही, एकतर्फी हुकूमनामा झाला. पुढे दरखास्त दाखल झाली, पगारावर जप्ती आली आणि मग प्रतिवादी 'हुकूमनामा रद्द करा' असा अर्ज घेऊन कोर्टात उभा राहिला. अशा अर्जाला वादीपक्षाचे उत्तर ठरलेले असते: हा वेळकाढूपणा आहे. सही त्याचीच, चेक त्याचाच. मग पुन्हा ऐकायचे काय राहिले?

हे म्हणणाऱ्यांचा राग खरा आहे, हे आधी मान्य करतो. उधारीवर माल देऊन बसलेल्या दुकानदाराला तीनदा बँकेतून 'अपुरी शिल्लक' असा मेमो मिळाला, की त्याच्या हातात कोर्टाखेरीज काही उरत नाही. तिथेही वर्षे गेल्यावर मिळालेला हुकूमनामा एका अर्जाने उडावा, हे त्याला अन्यायाचेच वाटणार. पण त्या रागातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

सही म्हणजे कर्जाची कबुली, हा पहिला मुद्दा घेऊ. कायद्याने चेकधारकाच्या बाजूने गृहीतक धरले आहे, हे खरे. सही केलेला कोरा चेक दुसऱ्या कुणी भरला तरी ते गृहीतक लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये बीर सिंग प्रकरणात सांगितले. पण त्याच वर्षी बसलिंगप्पा प्रकरणात त्याच न्यायालयाने हेही सांगितले, की हे गृहीतक खोडता येते आणि त्यासाठी आरोपीने शंकातीत पुरावा देण्याची गरज नाही. त्याची बाजू अधिक संभवनीय दिसली तरी पुरते. आता आपल्याकडचे व्यवहार आठवा. पतसंस्थेचे कर्ज, खासगी फायनान्स, हातउसने, भिशी: सगळीकडे 'सिक्युरिटी' म्हणून सही केलेले कोरे चेक आधी काढून घेतले जातात. कर्ज फिटते, चेक मात्र परत मागायचा राहून जातो. देणाऱ्याचा धंदा सावकारीचा असेल आणि व्यवहार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली येत असेल, तर त्याच्याकडे परवाना होता का, हेही न्यायालयाला पाहावे लागते. हे प्रश्न विचारणार कोण? प्रतिवादीच. तो समोर नसेल तर ते विचारलेच जात नाहीत.

चेकवरच्या दाव्यात तर हा धोका दुप्पट आहे. बहुतेक वेळा हा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 37 खाली, समरी सूट म्हणून लावला जातो. समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत प्रतिवादीने हजेरी नोंदवली नाही, तर वादपत्रातली विधाने त्याने कबूल केली असे धरले जाते आणि वादी हुकूमनाम्याला पात्र ठरतो. म्हणजे तिथे पुराव्याची छाननी होऊन निकाल लागलेला नसतो. समन्स पोचले, या एका गृहीतावर सगळी इमारत उभी असते. ते गृहीत खोटे निघाले, तर हातात उरते ती फक्त वादीने स्वतःच्या बाजूने लिहिलेली कहाणी.

आणि ते गृहीत किती कच्चे असते, हे बजावणीचा कागद उघडला की दिसते. पाकिटावर पोस्टमनचा शेरा: 'घर बंद'. दुसऱ्या पाकिटावर 'सूचना दिली, घेतले नाही'. बेलिफचा अहवाल दोन ओळींचा: पत्त्यावर गेलो, प्रतिवादी मिळून आला नाही, दारावर समन्स चिकटवले. किती वाजता गेला, किती वेळा गेला, घर कोणी दाखवले, साक्षीदार कोण, काही नाही. संहितेच्या आदेश 5 मध्ये नियम स्पष्ट आहेत. वाजवी प्रयत्न करूनही माणूस भेटत नसेल तरच चिकटवायचे. घर दाखवणाऱ्याचे आणि साक्षीदाराचे नाव-पत्ता लिहायचा. अहवालाला प्रतिज्ञापत्राची जोड नसेल तर न्यायालयाने बजावणी करणाऱ्याला शपथेवर तपासायचे. 2002 मध्ये सुशीलकुमार सभरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावणीच्या अहवालातल्या अशाच त्रुटींवर बोट ठेवून एकतर्फी हुकूमनामा रद्द केला. करारातला पत्ता जुन्या भाड्याच्या खोलीचा, माणूस दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या गावी गेलेला, आणि समन्स त्या जुन्या दारावर. याला बजावणी म्हणता येत नाही.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. चेक न वटल्याबद्दलचा कलम 138 चा फौजदारी खटला वेगळा. तिथे आरोपी आला नाही तर वॉरंट निघते. गैरहजेरीवरून त्याला दोषी ठरवत नाहीत. एकतर्फी हुकूमनामा होतो तो दिवाणी दाव्यात. '138 च्या तारखांना येत होता, म्हणजे दिवाणी दावाही माहीत असणारच' हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो. दोन्ही प्रकरणांचे समन्स स्वतंत्र निघते, आणि एकाची माहिती म्हणजे दुसऱ्याची बजावणी होत नाही.

मग समन्स मुद्दाम नाकारणाऱ्याचे काय? त्याला दार बंदच असावे, आणि कायद्याने ते बंद ठेवलेही आहे. 2011 मध्ये परिमल विरुद्ध वीणा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत टपाल नाकारणाऱ्या पक्षाला दिलासा नाकारला. बजावणीत नुसती अनियमितता असेल, पण तारीख माहीत होती आणि हजर राहायला वेळही होता, तर तेवढ्यावर हुकूमनामा रद्द होत नाही, असे आदेश 9 नियम 13 च्या परंतुकातच आहे. समरी दाव्यात तर आदेश 37 च्या नियम 4 प्रमाणे गैरहजेरीचे कारणही द्यावे लागते आणि बचावात दम आहे हेही दाखवावे लागते. 2003 च्या रजनी कुमार निकालाने हे पक्के केले. 'मला ऐका' एवढे म्हणून तिथे भागत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की या दोन माणसांना एका तराजूत टाकू नका. समन्स टाळणारा वेगळा, समन्स न मिळालेला वेगळा. दुसऱ्याचा अर्ज मंजूर करणे ही मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे. वादीचे नुकसान होऊ नये याची सोयही आहे: खर्च भरायला लावा, वादग्रस्त रकमेचा वाजवी हिस्सा कोर्टात जमा करून घ्या, लेखी कैफियतीसाठी तारीख बांधून द्या. 'अटींवर रद्द' ही वाट नियमातच लिहिलेली असताना सरसकट नकार देणे मला कायद्याला धरून वाटत नाही. पैसे कोर्टात जमा असतील तर वेळकाढूपणा करून प्रतिवादीला मिळणार काय?

व्यापाऱ्यांनीही एक पाहावे. कच्च्या बजावणीवर मिळवलेला हुकूमनामा त्यांच्याच पायाखाली भुसभुशीत राहतो. चार वर्षांनी दरखास्तीत तो कोसळला की सगळे पहिल्यापासून. दावा लावताना चालू पत्ता शोधून द्या, बेलिफसोबत माणूस पाठवून घर दाखवा.

आणि ज्यांच्या पगारातून अचानक कपात सुरू झाली आहे त्यांनी त्याच दिवशी वकिलाला गाठावे. सर्वसाधारण दाव्यात मुदत 30 दिवसांची आहे. समन्स रीतसर बजावले नसेल तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजली जाते, आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस या हिशेबापुरती रीतसर बजावणी धरली जात नाही. रोजनाम्याच्या, बेलिफच्या अहवालाच्या आणि परत आलेल्या पाकिटांच्या नकला आधी काढा. हुकूमनामा केव्हा आणि कसा कळला ते तारखेनिशी लिहा, उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडा, आणि रक्कम का देणे लागत नाही तेही त्याच अर्जात मांडा. सर्वसाधारण दाव्यातला अर्ज फेटाळला गेला तर त्यावर अपील आहे.